रंगनाथ मिस्तरींचे दात

रंगनाथ मिस्तरींकडे पहिल्यांदा गाडी घेऊन जाणारा माणूस एक चूक हमखास करी. गाडीच्या पुढच्या बाजूनं कसा आवाज येतो, ते तो तोंडानं वाजवून दाखवी. कुणी ‘कट् कट्’ करी, कुणी ‘खडाम्’. एका ड्रायव्हरनं तर स्वतःच्या मांड्यांवर थापा मारून अख्खा घाट उतरून दाखवला होता. मिस्तरी कमरेवर हात ठेवून त्याच्या ओठांकडे टक लावून बघत, आणि त्याचं सगळं वाजवून झालं की म्हणत, “तुमी लय चांगलं वाजवलाव. आता जरा गाडीला वाजू द्या.”

यातली गंमत नवख्याला कळत नसे. त्यानं एवढ्या हौसेनं वाजवलेलं मिस्तरींना काही म्हणता काही ऐकू आलेलं नसे. जुन्या ट्रकच्या पुढच्या अंगातले आवाज शोधण्यात ज्या माणसाचं नाव परभणीपासून सेलूपर्यंत झालं होतं, तो माणूस जवळजवळ बहिरा होता.

मी पेडगावचा. शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि माझ्या वाट्याला एक नाकवाला ट्रक आला. नाकवाला म्हणजे लांब बॉनेटचा, इंजिन ड्रायव्हरच्या पुढ्यात असलेला. तेव्हाच म्हातारा झाला होता. सरकीची पोती, कापसाच्या गाठी, तूर, जे मिळेल ते भाडं मी मारायचो. माझा स्वभाव तापट. पोरांनी घर डोक्यावर घेतलं तरी मला झोप लागते, पण गाडीत कुठं काही कुरकुरलं की घास उतरत नाही. त्या साली गाडी डावीकडे वळली की डाव्या चाकातून ‘कट्ट’ असा आवाज यायला लागला. परभणीत एकानं किंगपिन बदलली, दुसऱ्यानं चाकाचं बेअरिंग बदललं, तिसऱ्यानं स्प्रिंगच्या पाट्याचे बुश टाकले आणि वर मलाच सांगितलं की गाडी जुनी झाली, तुमी रेडिओ बसवून घ्या. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मग पाथरीच्या एका अडत्यानं मला रंगनाथ मिस्तरींचं नाव सांगितलं.

पाथरीच्या स्टँडवरून सेलूच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड होतं. पाटी नाही. मिस्तरी ठेंगणे, रुंद खांद्यांचे, डोक्याला कायम एक मळका रुमाल. त्यांनी माझं वाजवणं शांतपणे पाहून घेतलं, मला केबिनमध्ये बसवलं, इंजिन बंद करायला लावलं आणि खुणेनं सांगितलं: स्टेअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे, थांबायचं नाही. स्वतः गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. मी काही वेळानं एक हात स्टेअरिंगवर ठेवून दारातून खाली वाकून पाहिलं तर मिस्तरींनी बाभळीचा हातभर दांडका दातात घट्ट धरला होता, आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या एकेका सांध्याला लावत ते सरकत होते. डोळे मिटलेले. वैद्यानं नाडी बघावी तसं काहीतरी चाललं होतं, पण तोंडात दांडका धरलेला वैद्य मी काही पाहिला नव्हता. मला हसू आलं आणि माझा हात थांबला. खालून दणका बसला, “हलवा की!”

बाहेर आले ते थेट उजव्या चाकाशी. स्टेअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे जो लांब दांडा जातो त्याच्या टोकाचा गोळा झिजला होता. मी म्हणालो, “आवाज तर डावीकून येतोय!” त्यांनी माझे ओठ वाचले.

“मालक, आवाज भाडेकरू असतोय. राहतो एकीकडं, घरमालक दुसरीकडं. तुमी आतापोतर भाडेकऱ्यालाच मारायलाव.”

गोळा बदलला. आवाज गेला. तेव्हापासून मी त्यांचा झालो. गाडीचं काम नसलं तरी पाथरीला गेलो की शेडमध्ये टेकायचो.

आवाजांना त्यांनी नावं ठेवली होती. पाट्यांची कोरडी कुरकुर म्हणजे सासू. ग्रीस पाजलं की चार दिवस गप्प. फक्त वळणावर येणारा तो पाव्हणा. भरलेल्या गाडीतच रुसणारा, रिकाम्या गाडीत नाव न काढणारा तो जावई. नवं गिऱ्हाईक हसलं की ते खूष होत. पण गाडीचा आवाज आपोआप थांबलाय असं कुणी आनंदानं सांगितलं, की मिस्तरी तिथल्या तिथं गाडी उभी करायला लावत. झिजलेली वस्तू आवाज थांबवते तेव्हा ती एकतर अडकलेली असते नाहीतर सुटायच्या बेतात असते, असं त्यांचं म्हणणं. या एका गोष्टीत त्यांनी कधी चेष्टा केली नाही. ज्याच्या गाडीचं पुढचं अंग धड नाही त्याला ते रस्त्यावर जाऊ देत नसत, किल्ली काढून सरळ बंडीच्या खिशात टाकत.

कान गेले ते येलदरीला. धरणाचं काम चालू असताना ते तरुण होते, तिथल्या गाड्यांवर कामाला. सुरुंग उडायचा तेव्हा बाकीचे लांब पळत. हे एका बिघडलेल्या गाडीखाली पडलेले होते, निघायला उशीर झाला. दोन्ही कानांतून रक्त आलं. पुढं कान वाहत राहिले आणि हळूहळू जग लांब गेलं. दाताची युक्ती कशी सापडली ते मात्र ते रंगवून सांगत. दोन्ही हात अडकले होते म्हणून पेचकस दातात धरला, आणि त्याचं टोक चुकून एक्सलला टेकलं. “मालक, डोस्क्यात आवाज झाला! कानात न्हाई, डोस्क्यात. मला वाटलं देव बोलायलाय. मी तितंच आडवा पडून रडलो बगा.” मग लोखंडानं दात आंबतात म्हणून बाभळीवर आले. दरवर्षी खंडेनवमीला पान्यांच्या रांगेत तो दांडका हळदकुंकू लावून मांडलेला असे, आणि त्या दिवशी दारात कितीही मोठ्या मालकाची गाडी रडत आली तरी ते दांडक्याला तोंड लावत नसत. काही ड्रायव्हरांना तर तो मंत्राचाच प्रकार वाटे. ते लिंबू-मिरची आणून दांडक्याला बांधायला बघत. मिस्तरी लिंबू ठेवून घेत आणि जेवणात पिळत.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वर्षानुवर्षं काही ना काही पेटलेलं असे. आज बंद, उद्या रास्ता रोको. अशाच एका बंदच्या दिवशी मी पाथरीत अडकलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मिस्तरी शेडच्या दारात पेटीवर बसून सेलूच्या बाजूला बघत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, “मालक, आज बंद हाय, का मलाच काई ऐकू येईना गेलंय?” मी बंद आहे म्हणून सांगितलं. त्यांना एवढी तसल्ली वाटली की त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली. उरलेसुरले आवाजही जायला लागलेत, हे त्यांना कळलं होतं.

आणि त्याच सुमाराला दात कुरकुरायला लागले.

तंबाखू, चुना, आणि इतक्या वर्षांचा दांडका. हिरड्या सडल्या होत्या. गाल सुजे, ताप भरे, पू येई. त्यांच्या बायकोला, गोदावहिनींना, मी कायम भाकरी कुस्करतानाच पाहिलं. एवढीशी भाकरी त्या वरणात इतकी बारीक करत की तिचं पीठच होई, तरी मिस्तरी एका बाजूनं गिळत आणि डोळ्यांत पाणी येई. नवरा-बायकोचं बोलणं सगळं हाताच्या खुणांनी चाले, पण या एका विषयावर वहिनी मोठ्यानं भांडत. ऐकू येणार नाही हे माहीत असून भांडत.

“भाऊ, तुमी सांगा ह्यान्ला. परभनीचा दाताचा डाक्तर म्हनतोय, समदे काढा, न्हाईतर ईख अंगात उतरंल. आन् हे म्हनत्यात, न्हाई!”

मी मिस्तरींसमोर जाऊन तेच सांगितलं. ते म्हणाले, “तो दात काढा म्हनायलाय. त्याला काय मालूम? दात काढा म्हनजे माजे कान कापा.”

“जीव ऱ्हायला तर कान!” वहिनी ओरडल्या.

त्यांनी ते ओठांवरून ओळखलं असावं. “कान न्हाई तर हा जीव काय भाकरी कुस्करायला ठिवू?” असं म्हणून ते शेडकडे निघून गेले. मला वहिनींची बाजू पटत होती आणि मिस्तरींचीही. तुम्ही मला भित्रा म्हणा, पण मी कुणालाच काही बोललो नाही.

शेवटी त्यांनी डॉक्टरशी तडजोड केली. मीच त्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून ती बोलणी मला तोंडपाठ आहेत. कामाचे नाहीत ते मागचे दात घ्या, पण पुढच्यांना हात लावायचा नाही. डॉक्टर तरुण होता, सज्जन होता. त्यानं पुढचे दातही हलतात हे बोटानं हलवून दाखवलं. मिस्तरी म्हणाले, “हलत्यात तर कसून द्या. चेसीला चीर गेली की आमी पट्टी मारून रिबिट मारतो. मारा रिबिट.” डॉक्टर हसला. हे चेष्टा करत नाहीत हे कळल्यावर गंभीर झाला आणि खरोखरच त्यानं बारीक तार आणून पुढचे दात एकमेकांना बांधून दिले. पण हे टिकणार नाही हे तो मला दारापर्यंत येऊन सांगत राहिला. मिस्तरी परतीच्या वाटेवर खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गाडीच्या टपावर बोटांनी ताल धरून बसले होते. इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तार बांधल्यानंतरची गोष्ट. मानवतचा भगवान ड्रायव्हर गाडी घेऊन आला. मिस्तरींनी दांडका लावला, वेळ घेतला, पाट्याचा बुश गेलाय म्हणून सांगितलं, बदलून दिला आणि स्वतःच्या हातानं किल्ली परत दिली. ती गाडी आमच्या पेडगावच्या शिवारात रस्ता सोडून कापसात घुसली. स्टेअरिंगचा सांधा निसटला होता. नशीब, भगवानला खरचटलं तेवढंच. भगवान भला माणूस. जुनी गाडी, कुणाला दोष द्यायचा, असं म्हणाला. गावानं सांडलेली पोती भरून दिली आणि विषय संपवला. मिस्तरींनी संपवला नाही. ते दुसऱ्या दिवशी एसटीनं पेडगावला उतरले, गाडी अजून उभी होती त्या वावरात माझ्याबरोबर आले, आणि निसटलेल्या सांध्यात बोट घालून बराच वेळ उकिडवे बसले.

“मालक,” ते म्हणाले, “त्या दिशी मला बुशाचा आवाज आला हुता. साफ आला हुता. मग मला काय आलं हुतं?”

मी त्यांना समजावलं की दात हलतात, तार सैल झाली असेल, त्यातून आवाजाची भेसळ झाली. मला सुचलं ते बोललो. त्यांनी ते पकडून ठेवलं. मग तार आणखी कसून घेतली. तंबाखू सोडली. कडुलिंबाचा काढा तोंडात धरून बसायचे, बोलायचेही नाहीत. गाल सुजला की त्यावर गरम विटेचा शेक. माणूस वेदनेनं काळवंडला, पण पुढच्या दोन-चार दातांना जपत राहिला. म्हातारपणी लोक पोरांना जपत नाहीत असं जपत राहिला.

त्या उन्हाळ्यात सूज गळ्याखाली उतरली. श्वास अडायला लागला, ताप डोक्यात गेला. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ते शुद्धीत नव्हते. डॉक्टर म्हणाले, गळू कापावं लागेल आणि दात तर एकही ठेवता येणार नाही. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. त्यांनी अंगठा उठवला.

शुद्धीवर आल्यावर मिस्तरींनी आधी जीभ फिरवली. मग बोट फिरवलं. वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, त्या हातांनी खुणा करता करता मोठ्यानं बोलत होत्या, “मी दिला आंगटा. शिव्या द्यायच्या तर मला द्या. मला तुमी पायजे हुता.” मिस्तरींनी रुमाल तोंडावर ओढून घेतला. रुमालाखाली त्यांचं तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता. वहिनी त्यांच्या पावलांवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

मी धावत त्या दाताच्या डॉक्टरकडं गेलो. तो म्हणाला, दातच लागतात असं कुठं आहे? कानामागचं हाड आहे, कपाळाचं हाड आहे, दांडका तिथं टेकवला तरी आवाज तसाच आत पोचतो. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. ही गोष्ट आधीच बोलण्यात निघाली असती तर, असंही वाटलं, पण दात काढायला आलेल्या माणसाला गाडीखाली काय ऐकायचं असतं हे त्यानं तरी कसं ओळखावं. मिस्तरी घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांना आधी पटेना. मग पटलं, आणि त्यांची एवढी घाई उडाली की चप्पल न घालता ते शेडकडे चालायला लागले.

माझीच गाडी होती. मी इंजिन चालू केलं. इंजिनाला दांडका टेकवायचा म्हणजे त्यात ऐकू न येण्यासारखं काही नाही. धडधडतं इंजिन ते. मिस्तरींनी कानामागं टेकवला. मग दुसऱ्या कानामागं. कपाळाला. हनुवटीला. बोडक्या हिरड्यांत धरून पाहिला, आणि हिरड्यांतून रक्त आलं. वहिनी दारात उभ्या होत्या. मी ॲक्सिलरेटर दाबला, शेडचा पत्रा थरथरला. मिस्तरी माझ्याकडं बघून म्हणाले, “चालू करा की.”

इंजिन चालूच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि तळहाताला कळलं.

तेव्हा मला उमगलं, आणि त्यांनाही उमगलं असणार. कान बाहेरून गेले होते तोवर दात उपयोगी होते. पण नंतर कधीतरी आतलंही विझलं. कधी, कुणाला ठाऊक. भगवानची गाडी आली तेव्हा बहुतेक विझलेलंच होतं. त्या दिवशी साफ ऐकू आलेला बुशाचा आवाज, तो आयुष्यभर ऐकलेल्या आवाजांतला एखादा उठून आला असेल. म्हणजे ती तार, ते काढे, तो ठणका, वहिनींशी झालेली भांडणं, हे सगळं त्या माणसानं फुकट सोसलं होतं. मला अजूनही या गोष्टीचा राग येतो. कुणाचा येतो, ते सांगता येत नाही.

पुढं मी जमेल तसा जात राहिलो. शेड उघडं असे. मिस्तरी पेटीवर बसलेले असत, हात पुसलेले, रुमाल धुतलेला. जुने ड्रायव्हर थांबत, चहा पाजत, ओठ हलवून दाखवत. गाडी मात्र कुणी आत घेत नसे. मीही घेत नव्हतो. त्यांनीही कधी विचारलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते हिवाळ्यात. माझ्या ट्रकच्या पुढून नवाच काही खडखडाट यायला लागला होता. मी तो घेऊन शेडसमोर उभा राहिलो, कारण दुसरीकडं कुठं जावं हेच माझ्या पायांना माहीत नव्हतं. मिस्तरी उठले, बॉनेटभोवती एक चक्कर मारली, माझं तोंड वाचलं. मग माझ्या दंडाला धरून मला रस्त्यापलीकडं घेऊन गेले. तिथं दत्ता नावाच्या एका पोरसवदा मेकॅनिकनं नवीन गॅरेज टाकलं होतं. मिस्तरी त्याला म्हणाले, “ही आपल्या मान्साची गाडी हाय. पुडून आवाज देती. नीट बग, घाई करू नको.”

दत्तानं त्यांना वाकून नमस्कार केला. गाडी त्याच्या दारात लावली, इंजिन बंद केलं. तो गाडीखाली शिरला. मिस्तरी पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, एक हात टायरवर, मान कलती, डोळे मिटलेले. दत्तानं खालून सांगितल्यावर मी केबिनमध्ये बसून स्टेअरिंग हलवायचं, असं ठरलं होतं. तो आत सरकून जागा करून घेत होता. रस्त्यावर कुणी नव्हतं, सगळं सामसूम होतं.

मिस्तरींनी टायरवरचा हात वर केला.

“आला,” ते म्हणाले. “बस करा मालक, आला. डावीकून आला. साफ ऐकला मी.”

दत्ता गाडीखालून डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघायला लागला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. स्टेअरिंगला मी अजून हातही लावला नव्हता.